पाठ नसलेला पक्षी

४ फेब्रुवारी, सकाळची प्रार्थना आटोपून

प्रिय ठिणगे,

पाकिटावरचे अक्षर ओळखूनही तू ते फोडलेस, याबद्दल आधी परमेश्वराचे आणि मग तुझे आभार मानतो. एकाच नदीच्या दोन काठांवर राहणाऱ्या भावंडांनी वर्षानुवर्षे एकमेकांना एक ओळही लिहू नये, याला कोणत्याही शास्त्रात आधार नाही. मी शोधून पाहिला आहे.

आबांची प्रकृती वयाच्या मानाने उत्तम आहे. दृष्टी मात्र मंदावली आहे. रंग कळतात, कडा कळत नाहीत. चष्म्याचा विषय काढला की ते नदीकडे पाठ करून बसतात. पलीकडच्या काठावरचे नावाजलेले चष्म्याचे दुकान कोणाचे, हे त्यांना पक्के ठाऊक आहे, एवढाच त्याचा अर्थ. सुतळीमावशी अजूनही आपल्या दारूकामाच्या कारखान्यात मुकादम आहे. गोळ्यांवर सुतळी गुंडाळता गुंडाळता ती पूर्वी तुला जितकी ओरडायची, तितकी आता मला ओरडते. शिकवण्याचे काम संपल्यापासून दुपारी मी कारखान्यात जाऊन बसतो आणि कवचांवर खळीने कागद चिकटवतो. छापील कागद मी लावत नाही; अक्षराला आग लावणे माझ्याने होत नाही. म्हणून मावशीने माझ्यासाठी कोऱ्या कागदांचा वेगळा गठ्ठा ठेवला आहे आणि ती मला चारचौघांत ‘कोरे पंडित’ म्हणते.

आता कामाचे. पूल पुरा होत आला, हे तू गच्चीवरून पाहतच असशील. उद्घाटनाच्या संध्याकाळची शोभेची दारू दोन्ही काठांच्या संयुक्त समितीने आपल्याकडे सोपवली आहे. समितीच्या अध्यक्षीणबाईंची अट एकच: पूल दोघांचा, तेव्हा आकाशातले चित्रही दोन्ही काठांना सारखेच दिसले पाहिजे. आणि चित्र पक्ष्याचे हवे.

‘पक्षी’ हा शब्द ऐकताच आबांनी खुर्ची मागे सरकवली. बाई म्हणाल्या, “जमत नसेल तर तसं सांगा, आम्ही दुसरीकडे बघतो.” आबा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी मात्र त्यांनी मावशीला सांगितले, “पक्ष्याचा पुठ्ठा कापायला घे.” ते का वळले, ते मी आज लिहीत नाही.

त्या मेळ्यात तुझा पक्षी उलटा उघडला, पाय वर करून पडलेल्या कोंबडीसारखा दिसला आणि लोक हसले, हे मी पुन्हा उगाळत नाही. सगळ्यांदेखत आबा तुला जे बोलले, तेही नाही. पण त्यांचे शेवटचे वाक्य कारखान्यात आजही नियमासारखे पाळले जाते: “आकाशाला पाठ नसते. ज्याला पाठ आहे, ते आकाशात टाकायचं नाही.” गोल फूल कुठूनही पाहा, गोलच दिसते. चपटे चित्र समोरून चित्र असते, बाजूने नुसती रेघ. तू तेव्हा म्हणालीस, “मला आहे पाठ. बघून घ्या.” आणि चालू लागलीस.

आमच्या काठावरून काय दिसते ते आम्ही पाहू. तुमच्या काठावरून काय दिसते, ते सांगू शकेल असा एकच डोळा मला माहीत आहे. शनिवारी दिवेलागणीला नदीतल्या खडकावरून पाच गोळे उडवणार आहोत. गच्चीवर ये. जे दिसेल ते कळव. शब्द लिहायचे नसतील, तर नुसते चित्र काढ.

हे आबांनी लिहायला सांगितले, असे मी म्हणणार नाही. ते एवढेच म्हणाले, “पलीकडून कोण बघणार?” आणि माझ्याकडे बघत राहिले.

तुझा
पोथीदादा


१२ फेब्रुवारी

प्रिय ठिणगे,

तुझे कार्ड होडीच्या टपालाने आले. एकही शब्द नाही. पाच उभ्या रेघा, पट्टी लावून ओढल्यासारख्या. मी ते आबांना दाखवण्याची योग्य वेळ शोधत होतो. मावशीने माझ्या हातातून घेतले, त्यांच्या पुढ्यात ठेवले आणि म्हणाली, “घ्या. पाच पक्षी नाहीत, पाच काड्या.”

आबांनी कार्ड डोळ्यांशी धरले. मग बोटाच्या टोकाने त्या रेघा चाचपल्या. “हात हलत नाही अजून,” म्हणाले. कोणाचा, ते बोलले नाहीत.

आता त्या रेघांची हकिकत. पक्ष्याचा गोळा कसा भरतात हे तुला सांगणे म्हणजे समुद्राला पाणी दाखवणे आहे. पण मला ते या वयात नव्याने उमगते आहे, आणि ते इतके सुंदर आहे की लिहिल्यावाचून राहवत नाही. कलिंगडाएवढ्या कागदी कवचात पुठ्ठ्यावर पक्ष्याची बाह्यरेषा आखायची. त्या रेषेवर तारे, म्हणजे मोठ्या वाटाण्याएवढ्या रंगीत दारूच्या गोळ्या, एकाशेजारी एक बसवायचे. उरलेल्या पोकळीत दारू चढवलेला कोंडा भरायचा. गोळा वर गेला की आतला कोंडा फुटतो आणि प्रत्येक ताऱ्याला तो होता त्याच दिशेने बाहेर ढकलतो. जो पंखाच्या टोकाला होता तो टोकालाच जातो, जो चोचीत होता तो चोचीतच राहतो. आकाशभर जे उघडते, ते आधी दोन हातांच्या मिठीत जसेच्या तसे मिटलेले असते. अव्यक्तातून व्यक्त कसे होते, हे मी आयुष्यभर फळ्यावर शिकवले. फळ्यावर ते इतके उजळत नसे.

या वेळी गोळा कोलांट्या खाऊ नये म्हणून आबांनी त्याच्या बुडाला दोराचे शेपूट बांधले. तुझा पक्षी त्या मेळ्यात शेपटावाचून वर गेला होता, असे ते मावशीला सांगत होते. मी पलीकडे कागद लावत होतो आणि मला ऐकू येते, हे त्यांना माहीत होते. इतकी वर्षे ते त्या उलट्या पक्ष्याचा विचार करत आले आहेत, ठिणगे.

शेपूट उत्तम चालले. चुकले ते मी. पक्ष्याचे तोंड ज्या अंगाला असते, तेथे गोळ्यावर खडूची खूण करतात. गोळे नळ्यांत उतरवताना ती खूण काठाकडे यायला हवी. मावशी मला एवढेच म्हणाली, “तोंडं नीट करा हं.” आणि मी ती नीट केली, पूर्वेला. जन्मभर मी कोणतीही शुभ वस्तू दुसऱ्या दिशेला तोंड करून ठेवलेली नाही. हात आपोआप वळले. आपली नदी पूर्वेला वाहते आणि काठ उत्तर-दक्षिणेला आहेत. पाचही पक्षी उगवतीकडे तोंड करून प्रसन्नपणे उघडले आणि दोन्ही काठांना त्यांच्या फक्त कडा दिसल्या. समोरून त्यांना पाहायला पूर्वेला पाण्याखेरीज कोणी नव्हते. असला तर ज्याच्यासाठी माझे हात वळले, तो असेल.

“अहो कोरे पंडित,” मावशी नदीवरच सुरू झाली, “गोळे उडवायचे होते, का प्रार्थनेला बसवायचे होते?”

मी म्हणालो, “दिशा चुकली, भाव चुकला नाही.”

“भाव समितीला दाखवा. त्यांनी रेघा मागवल्या असतील.”

आबा म्हणाले, “तुझ्या पोथीत पूर्व असेल. माझ्या नळीत फक्त वर असतं.” आणि ते हसले. खोकला येईपर्यंत हसले. मावशीने त्यांची पाठ चोळली. कारखान्यात असे हसू मी तू गेल्यापासून ऐकले नव्हते. ते माझ्या मूर्खपणाच्या मोबदल्यात मिळाले असेल, तर सौदा वाईट नाही.

बुधवारी पुन्हा उडवतो. या वेळी खडूच्या खुणांना मी हात लावणार नाही, असे मावशीने माझ्याकडून वदवून घेतले आहे. गच्चीवर ये.

तुझा
पोथीदादा

ता. क. आत शिरताना तळवे टेकवायची तांब्याची पट्टी दारावर आहे तशीच आहे. अंगातली वीज तिच्यात उतरवल्याशिवाय मावशी आजही कोणाला आत सोडत नाही. तू लहान असताना तुझ्या उंचीला आबांनी खाली लावलेली छोटी पट्टीही तेथेच आहे. माझा गुडघा तिच्यावर रोज आपटतो. “काढून टाकू का?” असे एकदा विचारले होते. आबांनी ती पुसून लख्ख केली.


२१ फेब्रुवारी

प्रिय ठिणगे,

तुझे दुसरे कार्ड आले. एक पक्षी पूर्ण, दोन रेघा, आणि दोन अर्धवट वळलेले, दार अर्धे उघडावे तसे. आम्ही इकडून पाहिले तेही असेच. मात्र तुझ्याकडचा पूर्ण पक्षी आमच्याकडे रेघ होता, असे मावशीचे म्हणणे आहे. मला ते अशक्य वाटते. पण तिच्याशी वाद घालण्याइतका मी अजून शिकलेलो नाही.

त्या दिवशी वारा होता. शेपटामुळे गोळा उलटत नाही, पण वर चढताना स्वतःभोवती भोवऱ्यासारखा फिरतो, आणि कोणत्या क्षणी कोणाकडे तोंड करून फुटेल ते त्याचे त्यालाही ठाऊक नसते. अध्यक्षीणबाई स्वतः पाहायला आल्या होत्या. त्या सौम्यपणे बोलल्या, पण बोलल्या ते स्पष्ट. “आबासाहेब, वाऱ्याच्या भरवशावर पूल उघडता येणार नाही. पुढच्या पंधरवड्यात खात्रीचं काही दाखवा. नाहीतर आम्हाला दुसरी सोय करू द्या.”

आबांनी नळ्या आवरायला सांगितल्या. घरी येताना वाटेत म्हणाले, “मी सांगत होतो. पाठ आहे त्याला.” जिंकलेल्या माणसाचा आवाज नव्हता तो.

पहिल्या पत्रात जे लिहिले नव्हते, ते आता लिहितो. कारखान्याचा परवाना या हंगामाअखेरीस संपतो. नव्या परवान्यावर काम जाणणाऱ्या माणसाचे नाव लागते. आबांच्या डोळ्यांमुळे त्यांचे चालणार नाही. मावशी म्हणते, “मला कवच वळता येतं, आकाश वळता येत नाही.” माझ्याविषयी तर बोलायलाच नको; मी पूर्वेला गोळे उडवणारा माणूस. कोणाचेच नाव लागले नाही, तर किल्ल्या द्यायच्या आणि दार बंद करायचे. आबांनी पक्षी स्वीकारला तो म्हणून. बंद व्हायच्या आत तो एकदा सरळ उघडावा आणि पलीकडून कोणीतरी तो पाहावा, एवढीच त्यांची इच्छा असावी. ते तसे म्हणालेले नाहीत. पण ज्या माणसाने मला अक्षरे शिकवली, त्याच्या मौनाचा अन्वय लावता येत नसेल, तर माझे अध्ययन वाया गेले.

आज सकाळी नित्याच्या वाचनात एका ठिकाणी थबकलो. परमेश्वराला सर्व दिशांना मुखे आहेत, असा तो भाग. लहानपणापासून पाठ असलेल्या त्या ओळींचा अर्थ मी नेहमी असा सांगत आलो की तो सगळे पाहतो. आज प्रथमच मनात आले की त्याचा दुसराही अर्थ आहे: कोणीही, कोठूनही आला, तरी तो त्याच्या समोरच येतो. त्याच्या मागे कोणाला उभे राहताच येत नाही.

मी पोथी तशीच उघडी ठेवून कारखान्यात गेलो. (माझ्या आयुष्यात हे प्रथमच घडले.)

“आबा, पाठ नसलेला पक्षी करता येईल का?”

“पाठ नसलेलं एकच असतं. गोल.”

“आणि देव?”

“तो माझ्या नळीत मावत नाही.”

“पण त्याची युक्ती मावेल. चारी बाजूंना तोंड.”

मावशी म्हणाली, “चार डोकी लावायची का पक्ष्याला? लोक घाबरतील.” आबा मात्र हसले नाहीत. हातातली पितळी डाव खाली ठेवून बोटाने टेबलावर काहीतरी रेखाटू लागले. त्यांना काहीतरी दिसत होते, पण कडा दिसत नव्हत्या. मला तर तेवढेही दिसत नाही. माझ्याजवळ कल्पना आहे, आकार नाही. आकार आपल्या घरात एकीच्याच हातात होता.

म्हणून तुझ्याकडे पाठवतो. जमत नसेल तर तसे लिही. मी समजून घेईन. जमत असून लिहिले नाहीस, तर मात्र समजून घेणार नाही.

तुझा
पोथीदादा


२ मार्च

प्रिय ठिणगे,

चार दिवसांपूर्वी तुझे पाकीट आले. त्यात पत्र नव्हते. पुठ्ठ्याचे दोन पक्षी होते. दोन्ही सारखे: चोच वर, शेपटी खाली, पंख दोन्हीकडे पसरलेले. एकाला वरून मध्यापर्यंत चीर, दुसऱ्याला खालून मध्यापर्यंत. मी ते दोन्ही हातांत धरून उभा राहिलो आणि काय करायचे ते मला कळेना. मावशी म्हणाली, “द्या इकडे.” तिने एकाची चीर दुसऱ्याच्या चिरेत सरकवली. दोन चपटे पक्षी एकमेकांत काटकोनात बसले आणि एक पक्षी टेबलावर उभा राहिला.

आबांनी त्याला दोऱ्याने दिव्याखाली टांगले आणि ते त्याच्याभोवती चालू लागले. समोरून पाहिला तर पूर्ण पक्षी. दुसऱ्या पुठ्ठ्याची कड त्याच्या मधोमध अंगासारखी. काटकोनातून पाहिला तर तो दुसरा पक्षी पूर्ण, आणि आता पहिल्याची कड त्याचे अंग. कोपऱ्यातून पाहिला तर दोघेही एकमेकांवर तंतोतंत बसून थोडा अरुंद, पण पक्षीच. आणि त्यांच्या अधेमधे पाहिला तर पंखांत पंख, जणू तो नुकताच फडफडतो आहे. मी दोऱ्याला टिचकी मारली. तो फिरत राहिला आणि एका क्षणालाही पक्षी असायचा थांबला नाही.

पहिल्या फेरीत आबा हात मागे बांधून चालले. दुसऱ्या फेरीत चष्मा नसलेले डोळे बारीक करून अगदी जवळ गेले. तिसऱ्या फेरीत थांबले आणि भिंतीकडे पाहून म्हणाले, “एवढं सोपं होतं?”

मावशी म्हणाली, “सोपं होतं, तर इतकी वर्षं काय करत होता तुम्ही?”

“गोल,” आबा म्हणाले.

लगेच कामाला लागले. पुठ्ठे, तारे, कोंडा, सुतळी, माझे कोरे कागद. परवा अध्यक्षीणबाईंना बोलावून खडकावरून एकच गोळा उडवला, तोही मुद्दाम खूण न पाहता नळीत टाकलेला. बाई एवढेच म्हणाल्या, “आणखी किती करता येतील?” तू तुझ्या गच्चीवर होतीस, हे मला माहीत आहे. तुझ्या गच्चीवरचा दिवा त्या वेळी विझवलेला होता. अंधारात अधिक स्पष्ट दिसावे म्हणून कारखान्याचे लोक असेच करतात, बाकी कोणी करत नाही.

आता तुझ्या प्रश्नाकडे येतो. पुठ्ठ्याच्या पक्ष्याला चोचीपाशी, दोन्ही पुठ्ठे जेथे मिळतात तेथे, तू सुईने एक भोक पाडले आहेस आणि बाजूला दोन शब्द लिहिले आहेस. इतक्या वर्षांत तुझे पहिले दोन शब्द: “इथे कोण?”

मावशीला लगेच कळले. मला तिने समजावले. गोळा बांधणारा माणूस त्यात आपल्या रंगाचा एकच तारा सहीसारखा ठेवतो, ही आपल्या कारखान्याची रीत. मावशीचा हिरवा. आबांचा पांढरा. तुला तू सात-आठ वर्षांची असताना आबांनी केशरी दिला होता, आणि तू त्या आनंदात रात्रभर झोपली नव्हतीस, हे मलाही आठवते. मी शेजारच्या खाटेवर जागा होतो, कारण तू मला झोपू दिले नाहीस. पंखात सही ठेवली तर ती एका बाजूने दिसेल, दुसऱ्या बाजूने हरवेल. चोच मात्र मधल्या आसावर आहे. ती कुठूनही दिसते. तेथे ज्याचा तारा बसेल, त्याचे नाव दोन्ही काठ वाचतील.

मी आबांना तुझे दोन शब्द वाचून दाखवले. त्यांनी पक्षी माझ्या हातातून घेतला, भोकावर बोट फिरवले आणि खिशात घातला. “बघू,” म्हणाले.

तुझ्या केशरी ताऱ्यांची बरणी फळीवर तिच्याच जागी आहे. दारू दरवर्षी मंदावते, म्हणून जुने तारे नष्ट करून नवे वळावे लागतात. मी मावशीला विचारले, इतकी वर्षे त्या बरणीतले तारे कोण वळते? तिने माझ्याकडे अशा काही नजरेने पाहिले की मी माझ्या कागदांकडे वळलो.

उद्घाटन १५ तारखेला, दिवे लागण्याच्या सुमारास. पूल त्याच संध्याकाळी लोकांना खुला होईल. एवढेच कळवतो. बोलावणे पाठवायचा अधिकार माझा नाही, आणि ज्याचा आहे तो ‘बघू’ म्हणतो.

तुझा
पोथीदादा


१७ मार्च, सकाळ

प्रिय ठिणगे,

तू काल दुकान आवरायला परत गेलीस, आणि आज मी तुला पत्र लिहीत आहे, हे पाहून मावशी म्हणाली, “आता तरी गप्प बसा, ती पूल ओलांडून दोन दिवसांत येतेय.” पण परवाच्या संध्याकाळचा अर्धा भाग तू पाहिला नाहीस. तुझ्या काठावरचा तू सांगितलास. आमच्या काठावरचा सांगणे हे माझे कर्तव्य आहे.

दुपारपासून वारा सुटला होता. झेंडे ताडताड वाजत होते. अध्यक्षीणबाई नळ्यांपाशी आल्या, त्यांचा चेहरा उतरला होता. “आबासाहेब, आपण पक्षी वगळू या का? नुसती फुलं उडवा. दोन्ही काठांवर एवढी माणसं उभी आहेत, फजिती नको.”

आबा नळीवर हात ठेवून उभे होते. म्हणाले, “बाई, वाऱ्याला सांगा, हवा तेवढा फिरव. त्याला चारी बाजूंनी तोंड आहे.”

मी माझ्या आयुष्यात पुष्कळ प्रवचने ऐकली आणि काही केलीही. इतके आटोपशीर एकही नव्हते.

आधी फुले गेली. पांढरी, हिरवी, निळी. लोक खूश झाले, जसे नेहमी होतात. मग आबांनी हात वर केला आणि सगळे थांबले. अंधारात नदीचा आवाज ऐकू येऊ लागला. आबांनी पहिली वात स्वतः पेटवली.

गोळा शेपूट फडफडवत वर चढला. सगळ्यात उंच गेला, क्षणभर थबकला, आणि उघडला.

ठिणगे, तो पक्षी होता. छातीएवढ्या जागेत मिटून बसलेला, माझ्या कोऱ्या कागदांत गुंडाळलेला पक्षी नदीभर पंख पसरून उभा होता. वारा त्याला वळवत होता आणि तो वळताना नवे पंख उघडत होता. आमच्या काठावरून असा आवाज उठला की मावशीने कानांवर हात ठेवले. मागोमाग दुसरा, तिसरा, चौथा. कोणी कुठेही तोंड केले होते, आणि सगळेच आमच्याकडे पाहत होते.

आबांनी माझा दंड धरला. “रंग दिसतोय. आकार सांग.”

“पक्षी आहे, आबा. सरळ. चोच वर.”

“सगळे?”

“सगळे.”

“पलीकडे?”

त्याचे उत्तर मी द्यायच्या आधीच आले. पाण्यावरून, आमच्या आवाजाला भिडत, तुमच्या काठाचा आवाज आला. तोच, तितकाच मोठा. कोणी हसत नव्हते. आबांनी मान तिरकी केली आणि ते ऐकत राहिले. दिसत नसलेले चित्र त्यांनी दुसऱ्या काठाच्या तोंडून पाहिले. मग हळूच म्हणाले, “चोच कसल्या रंगाची आहे?”

तोवर माझे लक्ष पंखांवर होते. आता मी चोचीकडे पाहिले. कवचे बंद करायचे काम आबांनी शेवटच्या दिवशी आम्हा सर्वांना बाहेर काढून एकट्याने केले होते. मी पांढरा शोधत होतो.

“केशरी,” मी म्हणालो. “आबा, सगळ्यांची केशरी आहे.”

“मग बरोबर,” ते म्हणाले. “तिचा पक्षी आहे.”

मावशी रडत होती, आणि रडता रडता मला म्हणाली, “तुम्ही काय बघताय माझ्याकडे? वर बघा.”

पुढचे तुला माहीत आहे, पण मला ते लिहायचा आनंद घेऊ दे. दोन्ही बाजूंची माणसे पुलाच्या मध्यावर एकमेकांत मिसळली. त्या गर्दीतून एक बाई कोपरांनी वाट काढत, कोणाची माफी न मागता, सरळ आमच्या काठाला उतरली. आम्ही नळ्या घेऊन कारखान्याशी पोचलो होतो. तू फाटकातून आलीस. आबा दारातच उभे होते. तू त्यांच्या पाया पडशील, किंवा रडशील, किंवा भांडशील, असे मला वाटले. तिन्हींसाठी मी मनाची तयारी केली होती. तू त्यापैकी काहीच केले नाहीस. दाराशी थांबलीस आणि वाकून, गुडघ्याएवढ्या उंचीवरच्या त्या छोट्या तांब्याच्या पट्टीला दोन्ही तळवे टेकवलेस.

“वाकतेस कशाला?” आबा म्हणाले. “वर मोठी आहे की.”

“माझी ही आहे,” तू म्हणालीस.

त्यांनी बाजूला सरकून तुला वाट दिली. मग आबा म्हणाले, “चोच जरा उशिरा पेटली.”

“तारा जाड वळलात तुम्ही. थर कमी हवा होता.”

“उद्या वळून दाखव.”

“दाखवते. आधी डोळे दाखवा, नंबर काढते.”

आणि आबा नदीकडे पाठ न करता दिव्याखाली खुर्चीत जाऊन बसले, शहाण्या मुलासारखे. त्या क्षणी मी मनात देवाचे आभार मानले. तोंड कोणत्या दिशेला होते, ते पाहायचे मला सुचले नाही.

आज सकाळपासून आबा तू काल रात्रीच पाठवलेला नवा चष्मा लावून, पितळी पेचकस घेऊन दाराशी बसले आहेत. छोटी पट्टी काढून वर लावायचे चालले आहे. तिची उंची किती ठेवायची, यावरून त्यांचा आणि मावशीचा वाद पेटला आहे. ते म्हणतात तू त्यांच्या खांद्याला लागतेस, ती म्हणते कानाला. मी मध्यस्थी करायला गेलो, तर दोघांनी मिळून मला कागद लावायला पाठवले. परत येताना मी संधी साधून विचारून घेतले, की नव्या परवान्याच्या अर्जावर नाव कोणाचे घालायचे.

आबांनी स्क्रू तोंडातून काढला. “पट्टी कोणाची वर घेतोय, दिसत नाही का तुला?” म्हणाले. “चष्मा मला लागलाय का तुला?”

तुझा
पोथीदादा